आघाडी ही गुणांची बेरीज नव्हे

कर्जत तालुक्यात पोशीर नावाचे गाव आहे, आणि त्याच नावाची, उल्हास नदीला मिळणारी एक नदीही आहे. या नदीवर धरण बांधून मुंबई महानगर प्रदेशातील शहरांना पाणी देण्याच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली. खालच्या अंगाच्या शहरांची तहान एकत्र बांधावयाची आणि वरच्या अंगाच्या खेड्यांच्या जमिनीवर पाणी अडवावयाचे, ही व्यवस्था म्हणजे एक प्रकारची आघाडीच होय. अशा आघाडीत कोण बसले, कोणासाठी जागाच ठेवली गेली नाही, लाभ कोणाच्या पदरात पडला आणि भार कोणाच्या शिरावर आला, हे प्रश्न विचारण्याची सवय म्हणजेच राजकीय शिक्षण. हे शिक्षण एके काळी अभ्यासवर्गात आणि शिबिरात होत असे. आज त्याचा एक भाग, कोणाच्या लक्षात न येता, पडद्यावरच्या खेळात होतो.

कार्यकर्ते म्हणतील, खेळ तो खेळ. त्याची चर्चा पक्षाच्या साप्ताहिकात कशाला? परंतु अंतराळातील साम्राज्यांचे जे व्यूहात्मक खेळ संगणकावर खेळले जातात, त्यांत खेळणारा तासन् तास दुसरे काही करीत नाही. तो तह करतो, मित्र जोडतो, मांडलिक ठेवतो, सभेत मते मिळवतो. अभ्यासवर्गाला महिन्यातून दोन तास देणे ज्याला जड जाते, तो तरुण या खेळात एका मोहिमेला वीस-तीस तास सहज देतो. तेव्हा मैत्री, करार आणि आघाडी यांचा कोणता अर्थ तेथे त्याच्या मनावर बिंबतो, याची चौकशी करणे हे उथळ काम नव्हे.

चार क्रियापदांचे राजकारण

या खेळांच्या प्रकाराला १९९३ साली एका अमेरिकन समीक्षकाने जे नाव दिले ते चार इंग्रजी क्रियापदांवर बेतलेले आहे. मराठीत ती अशी होतील : शोध घ्या, विस्तार करा, दोहन करा, संहार करा. यांतील तिसऱ्या क्रियापदाचा दुसरा सरळ अर्थ ‘शोषण करा’ असाच होतो. समाजवादी वाचकाला यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही. ध्यानात घेण्याची गोष्ट एवढीच की, या चौकडीत ‘सहकार्य करा’ हे क्रियापद मुळातच नाही. मुत्सद्देगिरी या खेळांत आली ती मागाहून, आणि आली तीही बहुधा युद्धाची दासी म्हणून.

‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ त्याच १९९३ सालचा. त्यात सर्व वंशांची एक महासभा भरते, लोकसंख्येच्या प्रमाणात मते पडतात, आणि दोन तृतीयांश मते मिळवणारा सर्व नक्षत्रमंडळाचा सम्राट होतो. म्हणजे सभा आहे, मतदानही आहे. पण सभेचे अंतिम कार्य सम्राट निवडणे हे आहे. स्वीडनमधील कंपनीने २०१६ साली काढलेला ‘स्टेलारिस’ हा आजच्या पिढीतील प्रमुख खेळ. २०२० साली त्यात संघराज्ये आणि सर्व राष्ट्रांची एक समिती यांची भर पडली. ही भर महत्त्वाची होती, हे मान्य केले पाहिजे. संघराज्यांचे प्रकार आले, त्यांची एकजूट वाढू-घटू लागली, समितीत ठराव येऊ लागले. तथापि समितीतील प्रत्येक राष्ट्राच्या मताचे वजन ठरते ते त्याचे आरमार, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान आणि लोकसंख्या यांवरून. पुढे २०२१ साली अशीही सोय झाली की, संकटाच्या नावाने एखाद्या राष्ट्राने समितीचे रक्षकपद मिळवावे आणि कालांतराने तेथेच साम्राज्याची घोषणा करावी. इतिहासात असे घडते, म्हणून ते खेळात असण्यास हरकत नाही. हरकत आहे ती याला की, उलट दिशेचा प्रवास, म्हणजे दुबळ्यांच्या संघटनेने बलवानाला वेसण घालण्याचा प्रवास, तितक्या आस्थेने रचला जात नाही.

बोर घाटाचा धडा

या खेळांत दोन राष्ट्रांमधील संबंध अंकांनी दाखवले जातात. समान शत्रू असल्यास इतके गुण अधिक, सीमा भिडल्यास इतके उणे. बेरीज पुरेशी झाली की मैत्री. खऱ्या आघाड्या या बेरजेने बांधल्या जातात काय, आणि मोडतात त्या वजाबाकीने मोडतात काय, हे पाहण्यासाठी पोशीरपासून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात, बोर घाटाच्या पायथ्याशी खोपोली आहे.

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांपुढे नमली. ती पनवेलहून याच घाटाने वर चढली होती. पुढील वर्षी नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची फळी उभी केली : पुण्याचे पेशवे सरकार, हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरकर भोसले. कामे वाटली गेली होती. हैदरने मद्रासकडे, भोसल्यांनी बंगालकडे, निजामाने पूर्व किनाऱ्यावरील सरकारांकडे चालून जावे आणि पुण्याने पश्चिमेची बाजू सांभाळावी. खेळातील हिशेबाने पाहिले तर ही आघाडी अभेद्य होती. शत्रू एक होता, चौघांचे एकत्रित बळ इंग्रजांना पुरून उरणारे होते.

प्रत्यक्षात काय झाले? हैदरने सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे इंग्रजांची एक फौज धुळीस मिळवली. जनरल गॉडर्ड १७८१ च्या आरंभी खोपोलीपर्यंत आला, पण त्याला घाटाखालीच अडकून पडावे लागले, आणि एप्रिलमध्ये पनवेलकडे माघार घेताना मराठ्यांच्या तुकड्यांनी त्याचे मोठे नुकसान केले. रणांगणावर आघाडी हरत नव्हती. परंतु वॉरन हेस्टिंग्जने चौघांशी एकदम लढण्याऐवजी एकेकाशी स्वतंत्र बोलणे लावले. निजामाला गुंटूर परत मिळाले आणि तो स्वस्थ बसला. नागपूरकरांची फौज ओरिसापर्यंत रेंगाळत गेली आणि पैसा घेऊन थांबली. १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. त्यात हैदरने जिंकलेला मुलूख त्याच्याकडून परत करवण्याचे कलम होते. ज्या मित्राने सर्वांत अधिक लढाई केली, त्याच्याच मुलखावर त्याच्या पाठीमागे सौदा झाला. नानांनी तहाला मान्यता देण्यास काही महिने लावले. डिसेंबरात हैदर वारला आणि टिपू १७८४ पर्यंत एकटाच लढत राहिला.

या इतिहासातील निर्णायक शस्त्र कोणते? मित्रपक्षातील एकाशी केलेला स्वतंत्र तह. आणि नेमके हेच शस्त्र खेळातून गायब असते. ‘स्टेलारिस’मध्ये युद्ध थांबवण्याची वाटाघाट दोन्ही बाजूंचे म्होरके करतात, बाकीचे मित्र त्यांच्या मागे बांधलेले असतात. त्यामुळे मित्राला प्रामाणिक राखण्याची खटपट खेळणाऱ्याला करावीच लागत नाही. लाभ आधी कसा वाटून घ्यावा, मित्राला आलेल्या देकाराची वार्ता कशी मिळवावी, दुबळ्या मित्राचे नुकसान कसे भरून द्यावे, ही आघाडीच्या राजकारणाची खरी कामे तेथे उरतच नाहीत.

उलट बाजूही पाहावी. १९५६ साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र आले. त्यांच्यातील मतभेद कोणापासून लपलेले नव्हते. गुणांची बेरीज केली असती तर ही समिती जन्मालाच आली नसती. ती उभी राहिली एका उद्दिष्टावर. १९५७ च्या निवडणुकीत तिने सत्ताधाऱ्यांना हादरा दिला, १ मे १९६० रोजी राज्य आले, आणि त्यानंतर घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. उद्दिष्ट सिद्ध झाल्यावर आघाडी संपणे हा विश्वासघात नव्हे. खेळात मात्र आघाडी सोडणे हे बहुधा नाराजीचेच कृत्य ठरते, मग कारण कोणतेही असो. सालबाई आणि समिती यांतील भेद ज्या यंत्राला कळत नाही, ते यंत्र मैत्रीचा अर्थ चुकीचा शिकवते.

राष्ट्र म्हणजे एक रंग नव्हे

दुसरा दोष याहून खोल आहे. या खेळांत राष्ट्र म्हणजे नकाशावरील एक रंग आणि एक मन. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ सालच्या खेळात, जो अंतराळाचा नसून अठराव्या शतकाचा आहे, मराठा संघ हा खेळावयास मिळतो, पण त्यातील शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचे स्वतंत्र राजकारण एका रंगात बुडून जाते. सालबाईचा तह महादजींनी ठरवला आणि नानांनी तो महिनोन् महिने अडकवून ठेवला, ही घटनाच अशा नकाशावर घडू शकत नाही. ‘स्टेलारिस’मध्ये राष्ट्राच्या पोटात गट आहेत, ते खूश-नाखूश होतात, पण एखादा तह त्यांनी रोखून धरला असे होत नाही. जनता तेथे हवामानासारखी आहे. ती सहन करावयाची असते, तिला विचारावयाचे नसते.

पोशीरच्या प्रश्नाशी या गोष्टीचे नाते उघड आहे. आघाडीचा करार ज्यांच्या जमिनीवर अंमलात येतो त्यांना करारात आवाज नसणे, हा खेळातला नियम वाटू लागला की तो जगाचाही नियम वाटू लागतो. एखाद्या ग्रहावरील लोकांनी मित्रराष्ट्राच्या तळाला जागा नाकारली, त्यांचे मन वळवावे लागले, मोबदला द्यावा लागला आणि तरीही काही अटी मान्य कराव्या लागल्या, असे खेळात घडले तर तो खेळ नीरस होईल काय? उलट, खरा पेच तेथेच सुरू होईल.

तिसरी उणीव भारतीय वाचकाला विशेष जाणवावी. १९६१ साली बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. कोणत्याही गटात न जाता, पण एकमेकांच्या साहाय्याने, आपले स्वातंत्र्य राखण्याचा तो प्रयत्न होता. या खेळांत गटाबाहेर राहणारे राष्ट्र म्हणजे अद्याप कोणी न गिळलेले राष्ट्र. खुद्द अंतराळाच्या खऱ्या राजकारणात तर हा प्रश्न जिवंत आहे. १९६७ च्या करारान्वये कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर वा ग्रहांवर स्वामित्व सांगता येत नाही. १९७९ च्या चंद्रकराराने तेथील संपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा ठरवला. भारताने त्यावर १९८२ साली सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिली नाही. जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारांवर सही केली, आणि ते करार खनिजे काढण्याच्या बाजूने झुकणारे आहेत. सामाईक वारसा की पहिल्याने येणाऱ्याचा हक्क, हा आपल्या काळचा वाद. अंतराळाच्या खेळात ग्रह मात्र निर्विवादपणे पहिल्याने येणाऱ्याचा!

काय करता येईल

यावर आक्षेप येईल की, खेळणाऱ्याला मौज हवी असते, घटनासमिती नव्हे. आणि यंत्राला एवढी सूक्ष्म मुत्सद्देगिरी जमणारही नाही. पहिल्या आक्षेपाला उत्तर १९५९ सालीच मिळाले आहे. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थाने त्या वर्षी ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ विक्रीस आणला. त्यात सात सत्ता आहेत, फासे नाहीत. केवळ बोलणी, वचने आणि शेवटी सर्वांनी एकाच वेळी उघड केलेले हुकूम. साठ वर्षांहून अधिक काळ लोक तो आवडीने खेळत आहेत. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर २०२२ साली मिळाले, जेव्हा एका कंपनीच्या संशोधकांनी याच खेळात माणसांशी भाषेतून वाटाघाट करणारे यंत्र उभे केले आणि ते चांगल्या खेळाडूंच्या पंक्तीत बसले.

तेव्हा मागणी अशक्य कोटीतील नाही. प्रत्येक आघाडीला लेखी उद्दिष्ट आणि मुदत असावी. उद्दिष्ट पुरे झाल्यावर सन्मानाने बाहेर पडता यावे. लाभाची आणि भाराची वाटणी आधी ठरावी आणि ती मोडल्याचे स्मरण केवळ फसलेल्या मित्राला नव्हे, तर पाहणाऱ्या सर्वांना राहावे. शत्रूला एकेका मित्राशी स्वतंत्र बोलता यावे, म्हणजे विश्वासाला किंमत येईल. राष्ट्राच्या पोटातील लोकांना करार अडवता यावा. आणि लहान राष्ट्रांना, आरमारावर न मोजलेल्या मतांच्या जोरावर, एकत्र उभे राहता यावे.

ही सुधारणा केवळ कारखानदारांच्या सद्बुद्धीवर सोडण्याचे कारण नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलंडमध्ये तयार झालेल्या अंतराळाच्या खेळात हजारो माणसे एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि २००८ पासून तेथील खेळाडू मतदानाने आपले प्रतिनिधी निवडतात. ते प्रतिनिधी कंपनीपुढे खेळाडूंचे म्हणणे मांडतात. या मंडळाचे अधिकार मर्यादित आहेत. पण जेथे राबणाऱ्याप्रमाणे खेळणाऱ्यालाही संघटित होता येते, तेथे नियम हा वरून पडणारा पाऊस राहत नाही.

आघाडी म्हणजे काय, हे कर्जत तालुक्याला शिकवण्याची गरज नाही. भाई कोतवालांनी याच परिसरात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या. सावकाराच्या दारी जाण्याऐवजी शेतकऱ्याने आपल्यासारख्याच दुसऱ्या शेतकऱ्याच्या साठ्यावर विसंबावे, हे अशा कोठीचे तत्त्व. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हिराजी पाटलांसह धारातीर्थी पडले. कोठीत कोणाचे किती गुण झाले हे कोणी मोजीत नव्हते. कोणी किती धान्य घातले आणि अडल्या वेळी कोणाला किती मिळाले, एवढेच मोजले जात होते. कार्यकर्त्यांनी आपल्या घरातील तरुणाशेजारी एक संध्याकाळ बसावे, त्याचा खेळ पाहावा आणि त्याला एवढाच प्रश्न विचारावा : या तहात तुझा मित्र काय गमावतो, आणि हे त्याला कोणी विचारले होते काय? पोशीरच्या नदीकाठी हाच प्रश्न उद्या त्या तरुणाला स्वतः विचारावा लागणार आहे.