कुटारातला रंग

वाशीम जिल्ह्यातील रिठदच्या शिवारात सोयाबीनची मळणी उरकली की कुटाराचे ढीग उभे राहतात. काही गुरांपुढे जाते, काही पेटवले जाते. शेतातल्या अशा अवशेषांवर बुरशी वाढवून खाद्यरंग मिळवता येतो, हे प्रयोगशाळांनी सिद्ध केले आहे. लोणच्यावर बुरशी दिसताच बरणी रिकामी करणाऱ्या आपल्या घरांना हे ऐकून नवल वाटेल! पण ‘ब्लॅकेस्लिया ट्रायस्पोरा’ या बुरशीपासून मिळणारे बीटा-कॅरोटीन युरोपात मान्यताप्राप्त आहे. अमेरिकेनेही जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिन हा कृत्रिम लाल रंग खाद्यपदार्थांतून हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. बाजार वळतो आहे.

मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा भ्रम नको. चीनमध्ये शतकानुशतके ‘मोनॅस्कस’ बुरशीने तांदूळ लाल करतात. तिच्या काही वाणांतून मूत्रपिंडाला घातक असे सिट्रिनिन निर्माण होते. बुरशीच्या रंगांवर चालणाऱ्या सौरघटांचे प्रयोग तर अद्याप बाल्यावस्थेतच आहेत.

१८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतीय निळीचा व्यापार पाहता पाहता कोसळला. त्या शेतीने रयतेला नागवले होते, हे खरे. पण नवे ज्ञान परक्यांच्या हाती होते, हेही तितकेच खरे. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यातील निर्धोक वाण निवडून, विषचाचणीच्या सोयीसह, पहिले छोटे केंद्र सोयाबीनच्या पट्ट्यातच उभे राहावे. कुटाराला दाम मिळेपर्यंत रिठदचा शेतकरी काडी ओढणारच.