मोबाईलमधली शाळा आणि हप्त्यांचा फास

२०२० साली शाळांना कुलपे लागली आणि मोबाईलमध्ये शाळा भरू लागली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला आणि बाजाराने तो लगेच उचलला. गणित, विज्ञान, कोडिंग शिकवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी पालकांच्या मनात एकच भीती पेरली: तुमचे मूल मागे पडते आहे. व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या जाहिरातीत तर कोडिंग शिकून गूगलमध्ये कोट्यवधींची नोकरी पटकावणारा वुल्फ गुप्ता अवतरला. असा मुलगा नव्हताच! (काल्पनिक मुलाचे आडनावही गुप्ताच, कांबळे नव्हे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.) ही कंपनी विकत घेणाऱ्या बायजूजच्या विक्रीपद्धतीबद्दल राष्ट्रीय बालहक्क आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये समन्स काढले आणि जुलै २०२४ मध्ये बायजूजविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल झाली.

या धंद्यातली खरी गोम कर्जात आहे. विक्रेता घरी येतो, पोराला चार अवघड प्रश्न विचारतो, पोर अडखळले की आईबापाकडे वळतो. टॅब्लेट, तीन वर्षांचा कोर्स आणि महिन्याला 'थोडे थोडे' पैसे. आईबापाला वाटते ही फी आहे. प्रत्यक्षात त्यांच्या नावावर वित्त कंपनीचे कर्ज चढलेले असते. शिकवणी बंद पडली तरी हप्ता चालूच, आणि थकला की सिबिल खराब. आमच्याकडे असे कागद घेऊन येतात ते सफाई कामगार, रिक्षावाले, अंगणवाडी सेविका. करार इंग्रजीत. ओटीपी सांगितला, एवढेच त्यांना आठवते. लेकरू शिकले पाहिजे ही ओढ बाबासाहेबांनी आमच्या समाजात जागवली. तिचाच या मंडळींनी बाजार मांडला.

आमचा विरोध अ‍ॅपला नाही. कोडिंगसाठी एमआयटीत तयार झालेले स्क्रॅच २००७ पासून फुकट आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट फुकट आहे. त्यात पडद्यावर तार, सेल, बल्ब जोडून विद्युतमंडल करता येते. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूपबंद कपाट असते, तिथल्या मुलीला याचे मोल विचारा. पण घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात असतो, तिच्या हाती तो रात्री येतो. म्हणून विहारात दोन जुने लॅपटॉप आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवणारा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी हवा. १४ एप्रिलच्या डीजेच्या खर्चात हे सहज बसते. कडू लागेल, पण लिहितो.

आणि सरकारने अ‍ॅपकडे बोट दाखवून सुटू नये. कलम २१अ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, शिक्षकाची रिकामी जागा टॅब्लेटने भरत नाही.

जे फसले त्यांनी गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की दिल्लीला. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. जाहिरात, संदेश, हप्त्यांच्या नोंदी जपून ठेवा, आणि अ‍ॅप कंपनीबरोबर वित्त कंपनीलाही सामनेवाला करा.