बाजाराआधी कपाट

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटवर प्रकल्प लिहायचा असेल तर आधी मार्केटात जाऊ नका. आधी कॉलेजच्या लायब्ररीत जा.

हे उलटं वाटेल. पण प्रकल्पांच्या दिवसांत भाजीबाजारात छापील प्रश्नावल्या घेऊन फिरणारी मुलं मी पाहतो. पहाटे गाड्या खाली होत असतात, डोक्यावर गोणी घेतलेला माथाडी वाट मागत असतो आणि कुणीतरी त्याला विचारतं, ‘काका, तुम्ही तुमच्या कामाबद्दल समाधानी आहात का? खूप, बऱ्यापैकी की अजिबात नाही?’ एका काकांनी उत्तर दिलं, ‘आधी बाजूला हो, मग सांगतो.’ ते कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून नोंदलं गेलं नाही.

दोष मुलांचा नाही. समोरचं कशातून उभं राहिलं हे ठाऊक नसेल तर विचारणार तरी काय? मग समाधानच विचारलं जातं.

लायब्ररीत ‘एपीएमसी’ असं कपाट मात्र सापडणार नाही. ड्युई पद्धतीने पुस्तकं लावलेली असतील तर हमाल 331 मध्ये, कारण तो श्रम. व्यापार 381 मध्ये, शेतीचं अर्थकारण 338 मध्ये. आंबा 634, भाजी 635 आणि मुंबईचा इतिहास पार तिकडे 954 मध्ये. बाजार समितीने कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार पाडले, तसे हेही गाळेच. या गाळ्यातल्याला त्या गाळ्यातली खबर नसते. ती असते ग्रंथपालाला. आपण मात्र त्याला चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून देतो आणि ते नाही म्हणताच परत फिरतो. नाव सांगू नका, अडचण सांगा. ‘सर, मला दलाल कळत नाहीये,’ एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं.

दलालावरून आठवलं. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 साली सुरू झाली आणि 1933 मध्ये तिने एक पाहणी इंग्रजीत छापली: पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची. लेखक धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेला अर्थतज्ज्ञ उमेदीच्या वर्षांत फळं बागेतून गिऱ्हाइकापर्यंत कशी पोचतात आणि वाटेत कोण काय घेतं याचा माग काढत होता, हे मला फार लोभस वाटतं. ही पाहणी वाचून फळबाजारात गेलेला विद्यार्थी ‘समाधान’ विचारत नाही. तो पट्टी मागतो. शेतकऱ्याला मिळणाऱ्या त्या कागदावर हमाली किती, तोलाई किती, वाराई कुणी भरली, हातात काय उरलं ते पाहतो. फळबाजारातली जुनी माणसं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याच्या पद्धतीविषयी सांगू लागली, की त्या लपवलेल्या भावाविरुद्धची तक्रार किती जुनी आहे हे त्याला आधीच माहीत असतं.

कायद्याचंही तेच. बाजार तुर्भ्याला आला म्हणजे सुरू झाला, असं मुलांना वाटतं. कांदा-बटाटा 1981 मध्ये आला, भाजी आणि फळं 1996 मध्ये. पण कपाटातले अहवाल काढले तर माग वऱ्हाडात जातो. कारंज्याचा कापूस बाजार 1886 चा, वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा 1897 चा. मग 1928 चा लिनलिथगो आयोगाचा शेतीविषयक अहवाल, 1939 चा मुंबई प्रांताचा कायदा आणि 1963 चा आपला. ही सनावळी पाठ करण्यासाठी नाही. वजनात मारणं, मनमानी कपात, लपवलेला भाव या शेतकऱ्याच्या तक्रारींना दिलेली उत्तरं त्यात आहेत. 2016 मध्ये फळं-भाजी नियमनातून मोकळी केली आणि दलालाची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा यातली कुठली तक्रार मिटली आणि कुठली नव्या नावाने परत आली, हा खरा प्रश्न. तो बाजारात उभं राहून सुचत नाही.

साहित्याच्या मुलांनीही इथे हात आखडू नये. महात्मा फुल्यांच्या 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये माळवं घेऊन शहरात आलेला शेतकरी आहे आणि त्याच्या वाटेत जकात आहे. क्रॉफर्ड मार्केटला पुढे याच फुल्यांचं नाव दिलं गेलं, आणि तिथला घाऊक फळबाजार उठून तुर्भ्याला आला. मराठीत त्या काळी आणखी कोणी काय लिहिलं हे पाहायचं तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. 1800 ते 1937 चा पहिला भाग, पुढे 1950 पर्यंतचा दुसरा, सगळं विषयवार. अनेक कॉलेजांत ती ‘संदर्भ’ अशी चिठ्ठी लावून कुलपात असते. किल्ली मागायची. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही आणि मागितली की बहुधा कुणाला तरी आनंदच होतो.

घरबसल्या वाचायचं तर एन-लिस्ट आहे. कॉलेज सभासद असेल तर विद्यार्थ्याला लॉगिन मिळतं आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’सारखी नियतकालिकं उघडतात. मागाल तरच मिळतं, हे इथेही आहेच. शोधगंगेवर तर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट. प्रबंध पूर्ण वाचायची गरज नाही. शेवटची संदर्भसूची आधी पाहा. दुसऱ्याने चार वर्षं घासलेले जोडे तिथे आयते ठेवलेले असतात.

वाशी-कोपरखैरण्याकडच्या लायब्रऱ्या रिकाम्या नाहीत, हे खरं. पण त्या भरतात स्पर्धा परीक्षांच्या गाईडांनी. पाच माणसांच्या वन-रूम-किचनमध्ये अभ्यासाला जागा नसते, तेव्हा त्या मुलांना कोण काय म्हणणार? एवढंच वाटतं की वाचनालय आणि अभ्यासिका या दोन गोष्टी आहेत. आपण दुसरी चालवतो आणि पहिलीचा अहवाल नॅकला पाठवतो.

लायब्ररीत जे नाही, तेही सांगायला हवं. सातारा-सांगलीकडून आलेल्या हमालांच्या टोळ्या कशा बांधल्या गेल्या, एकाच गावची माणसं एकाच धक्क्यावर का लागली, मस्जिद बंदरचा जुना बाजार सोडून तुर्भ्याला यायचं ठरलं तेव्हा घरी काय बोलणं झालं, हे शोधत बसलात तर फारसं हाती लागणार नाही. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना आणि 1969 चा माथाडी कायदा याची छापील माहिती मिळेल, टोळीतल्या मुकादमाची मिळणार नाही. त्यासाठी माणसं गाठावी लागतात, आणि ती आता म्हातारी झाली आहेत.

म्हणून बाजाराजवळच्या कॉलेजांनी एक कपाट मोकळं करावं. पट्ट्या, तोलाईच्या पावत्या, युनियनची पत्रकं, जुन्या वह्या, ध्वनिमुद्रित मुलाखती. पट्टी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते आणि पन्नास वर्षांनी त्याच कागदासाठी कुणीतरी तीन गावं फिरतं. मुलाखत घेताना नाव छापायचं की नाही हे आधी विचारा आणि एक प्रत त्या घरी द्या.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहणाऱ्या, एमएच्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारलं, ‘सर, आजोबांवर प्रबंध लिहिला तर चालेल का?’ चालेल की. तिला म्हटलं, आजोबांकडे बसण्याआधी माथाडी कायद्याच्या विधेयकावर विधिमंडळात झालेली चर्चा वाच. तिच्या कॉलेजात ती नव्हती. ग्रंथपालबाईंनी कॉलेजच्या लेटरहेडवर शिफारसपत्र लिहून तिला दुसऱ्या ग्रंथालयात पाठवलं. आजोबांचा पहिला प्रश्न होता, ‘त्यात आमच्या मजुरीचं कोण बोललं?’ ती आता ते शोधते आहे.