सुई, शाई आणि पाळणा

खेडेगावात बालपण गेलेल्या वाचकांना गोंदणारीण आठवत असेल. सुगी आटोपली की ती गावात यायची. कडेवर एक पोर, लुगड्याचा काठ धरून मागे दुसरं. आमच्या आजोळी ती वेशीजवळच्या लिंबाखाली फडकं अंथरायची, धाकट्याला फांदीला बांधलेल्या झोळीत टाकायची आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया काढायची. वाटीत काजळी कालवलेली. हातावर तुळशीवृंदावन, हनुवटीवर ठिपका, कपाळावर टिकली, क्वचित एखादीच्या मनगटावर विंचू! पोरगी कळवळली की गोंदणारीण गाणं म्हणायची. झोळीतलं पोर रडलं की सुई बाजूला ठेवून त्याला पाजायची, आणि पुन्हा सुई हातात! मोबदला म्हणजे पसाभर धान्य, जुनं लुगडं, उरलीसुरली भाकरी. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं, असं आमच्या आज्या म्हणायच्या. मात्र हा जन्माचा दागिना घडवणाऱ्या बाईला ओसरीवर कुणी बसू द्यायचं नाही.

या गोंदणारणीची नात म्हणावी अशी एक मुलगी मला भेटली ती थेट दिल्लीत. फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्षस्थानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर. पुस्तकांच्या गाळ्यांपाशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणीच्या हातावर सुरेख तुळशीवृंदावन दिसलं. "कुठे गोंदवलंत?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "चित्र माझं, सुई मैत्रिणीची. स्वतःच्या उजव्या हातावर स्वतः कसं गोंदणार? मी टॅटू आर्टिस्ट आहे." पाचवा महिना होता तिला. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, पहिली मुलगी पाच वर्षांची. "संध्याकाळी चहाला या ना ताई, आर. के. पुरमला," असं आग्रहाचं बोलावणं आलं आणि मी गेले. तिचं नाव इथे देत नाही. तीच म्हणाली, "नाव नका छापू. सासरच्या गावी अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही!"

आर. के. पुरम म्हणजे रामकृष्ण पुरम. सरकारी नोकरांची, सेक्टरच्या आकड्यांनी ओळखली जाणारी अवाढव्य वसाहत. एकसारख्या इमारती, जिन्यात सायकली, गच्चीवर वाळणारे कपडे आणि सातव्या सेक्टरच्या टेकडीवर दाक्षिणात्य बांधणीचं मलई मंदिर. इथे घरं माणसाला नाही, पदाला मिळतात. बदली झाली, निवृत्ती आली, की सामान बांधायचं. आणि सरकारी क्वार्टरमध्ये धंदा करायची परवानगी नाही. त्यामुळे घरातल्या एका खोलीत टॅटूचा कोच टाकावा, मधून मधून बाळाकडे बघावं, हा तुम्हा-आम्हाला सुचणारा सोपा मार्ग तिला पहिल्याच दिवशी बंद होता. खरं तर तो बंद आहे हेच बरं. का ते पुढे सांगते.

तिनं मुनिरकाच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर खोली भाड्यानं घेतली आहे. मेट्रोनं एकच स्टेशन. जेएनयूचे विद्यार्थी, ईशान्य भारतातली मुलंमुली, कॉल सेंटरवाले असं तिचं गिऱ्हाईक. आयएएसच्या अभ्यासासाठी दिल्लीत आलेली मराठी मुलं शिवाजी महाराजांची राजमुद्रा गोंदवायला मुद्दाम शोधत येतात. का, तर संस्कृत अक्षरं चुकणार नाहीत याची खात्री! वहीत चुकलं तर खोडता येतं, दंडावर चुकलं तर लेझरच्या कित्येक फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये काही आठवड्यांची विश्रांती, आणि तरी पुसट खूण राहायचीच. अठरा वर्षांखालच्यांना ती हात लावत नाही. अठरापुढच्यांना पहिला प्रश्न विचारते, "फौजेत किंवा पोलीस दलात जायचा विचार आहे का?" निमलष्करी दलांच्या भरतीत टॅटू कुठे, केवढा आणि कशाचा, याचे कडक नियम आहेत. सलाम ठोकायच्या हातावर तर नकोच. हा प्रश्न विचारून तिनं बरीच गिऱ्हाईकं घालवली आहेत, आणि त्यांच्या आयांनी तिचे आभार मानायला हवेत.

आता खरा पेच. टॅटूचं गिऱ्हाईक केव्हा येतं? ऑफिस, कॉलेज सुटल्यावर आणि रविवारी. मुलं घरी केव्हा असतात? तेव्हाच! शिक्षिकेची सुटी आणि मुलांची सुटी जुळते. बँकेतल्या बाईचा रविवार घरचा असतो. हिचा मंगळवार मोकळा जातो आणि रविवारी चार जण रांगेत. मुलगी मंगळवारी शाळेत. लोकांच्या फुरसतीवर पोट असणाऱ्यांच्या घरी फुरसत उरत नाही. हॉटेलवाले, नाटकवाले, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बायका हे जाणतात.

दुसरा पेच सुईचा. टॅटूच्या यंत्राची सुई दीड-दोन मिलिमीटर खोल जाते, रक्त येतंच. हे विजेचं यंत्र तसं जुनं. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यानं १८९१मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचलेलं. आपल्याकडे जत्रेत बॅटरीवर चालणारं हेच यंत्र घेऊन गोंदणारे बसत आणि एकच सुई सगळ्या जत्रेला टोचत. त्या एका सुईतून काविळीचे, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीचे विषाणू जाऊ शकतात, एचआयव्हीही जाऊ शकतो. म्हणूनच टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत. बीचा विषाणू तर रक्त सुकल्यावरही सात दिवस टेबलावर तग धरतो. आणि गरोदर बाईला त्याची लागण झाली, तर जन्मताना बाळाला होण्याचा धोका मोठा. अशा बाळांपैकी दहातल्या नऊ जणांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो.

हे तिला पाठ आहे. लसीचे तिन्ही डोस तिनं लग्नाआधीच घेतले होते. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांनी सांगितल्यावरून रक्त तपासून घेतलं, की लसीचं संरक्षण अजून शाबूत आहे ना. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी सुई, शाईची वेगळी वाटी, वापरलेली सुई ताबडतोब जाड पांढऱ्या डब्यात. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई टॅटू काढायला आली, तर ती सरळ परत पाठवते. घरी आल्यावरचा नियम मात्र ऐकताना मला जड गेला. लेक दार उघडून धावत येते आणि ही दोन्ही हात वर करून उभी राहते. आधी कपडे बदलायचे, आंघोळ करायची, मग मिठी! पाच वर्षांच्या पोरीला आता हे सवयीचं झालं आहे. आईचे वर गेलेले हात दिसले की ती जागच्या जागी थांबते आणि न्हाणीघराच्या दाराशी बसून शाळेतल्या गोष्टी सांगायला लागते.

झोळीतल्या बाळाला पाजून पुन्हा सुई धरणारी ती गोंदणारीण आपल्याला गोड वाटते खरी. पण तो गोडवा आपल्या अज्ञानाचा. दुकान आणि पाळणा एका झाडाखाली असणं सोयीचं होतं, सुरक्षित नव्हतं.

सासूबाई हिंगणघाटच्या. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, आता निळसर-हिरवं पडलेलं. सुनेच्या धंद्याबद्दल त्यांचं मत मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. "माह्या पोरानं चित्रं काढनारी सून आनली म्हनून गावभर सांगतलं, अन् निंगाली गोंदनारीन! आमच्या दारात ते बाई यायची, तर आमी तिले ओसरीवर बी बसू देत नव्हतो बाप्पा." सून समोरच चहा गाळत होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तर आई, मी लोकांना माझ्या कोचावर झोपवते." मला हसू आवरेना. सासूबाई हसल्या नाहीत, पण कप पुढे केला. पुढे दोघींची गाडी रुळावर आली ती पैशाच्या हिशेबानं. नवऱ्याच्या पगारात दिल्लीत दोन मुलांचं भागतं, शाळा-क्लास-औषधं धरून ओढाताण होते, आणि उद्या बदली झाली की पुन्हा नव्यानं सुरुवात. सुनेच्या खोलीचं भाडं सुनेच्याच कमाईतून जातं आणि वर उरतंही, हे सासूबाईंनी वहीत पाहिलं. आकड्यांपुढे गोंदनारीन हा शब्द जरा मवाळ झाला.

आणि रजा? नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचारी असत्या तर एकशे ऐंशी दिवस, शिवाय पुढे मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात सातशे तीस दिवसांपर्यंत. हिला शून्य. स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईचं बाळंतपण हा तिचा खासगी मामला! नवऱ्याला संगोपन रजा नाही. पुरुषांमध्ये ती फक्त एकट्यानं मूल वाढवणाऱ्यांना मिळते, २०१८पासून. बायको आहे म्हणजे मूल तीच सांभाळणार, हे सरकारनं गृहीत धरलं आहे. त्याला मिळतात पितृत्व रजेचे पंधरा दिवस.

पण या पंधरा दिवसांचा त्यांनी केलेला उपयोग मला फार आवडला. बहुतेक पुरुष ही रजा बाळ जन्मल्याबरोबर घेतात, जेव्हा घरात आई, सासू, मावशी अशी फौज असते आणि बाप पेढे वाटण्यापलीकडे काही करत नाही. नियम मात्र सांगतो, की ही रजा बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत केव्हाही घेता येते. बाळ जूनमध्ये झालं, मुलगा. त्या वेळी नवऱ्यानं मोजून दोन दिवस किरकोळ रजा काढली. पंधरा दिवस राखून ठेवले ते नोव्हेंबरसाठी. सासूबाई दिवाळीनंतर परत जाणार आणि ही कामावर रुजू होणार, त्या नेमक्या पंधरवड्यासाठी. काढून ठेवलेलं दूध कोमट करणं, लंगोट बदलणं, थोरलीचा डबा, हे सगळं त्यानं आईच्या देखत शिकून घेतलं. सासूबाईंना ते बघवेना, पण त्या गप्प राहिल्या.

डिसेंबरात फोन केला तेव्हा घडी बरीच बसली होती. तिनं रविवार सोडून दिला आहे. त्या दिवशी खोली आणि कोच ती एका धाकट्या मैत्रिणीला देते, कमाईत वाटा ठरलेला. सगळ्यात चांगला दिवस हातचा गेला म्हणून नेहमीचे काही जण दुसरीकडे वळले. तीन तासांहून मोठं काम ती एका बैठकीत घेत नाही. वाकून बसून पाठ धरते आणि दूध साचून कपडे भिजतात. संध्याकाळचं गणित मात्र अजून सुटलेलं नाही. पाळणाघर सहाला बंद होतं, नवरा पावणेसातला घरी पोचतो आणि गिऱ्हाईक साडेसहाला जिना चढतं. शेजारच्या तामिळ मावशी आठवड्यातून दोन दिवस बाळाला घेतात, पण त्यांनाही मलई मंदिरात जायचं असतं.

म्हणून सध्या एक वेगळा प्रयोग चालू आहे. सकाळी दहा ते एक येणाऱ्यांना तिनं दर थोडा कमी ठेवला आहे. विद्यार्थ्यांना सकाळ मोकळी असते, रात्रपाळीवाल्यांना घरी जाता जाता जमतं. तशी पाटी तिनं जिन्यात लावली. पहिल्या पंधरवड्यात तिघं आले. त्यातला एक येताना झोपेनं डुलत होता, त्याला तिनं चहा पाजून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.