वाघाची गॅरंटी आहे का?

गेल्या शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीला फडके रोडवर आमची मीटिंग भरली. विषय : केनिया, मसाई मारा, सहा जण, ऑगस्ट महिना. इंजिनियर मंडळी म्हटल्यावर अर्ध्या तासात एक्सेल शीट तयार! तारखा, विमान, खर्च... आणि शेवटच्या कॉलमात 'बिग फाइव्ह'. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. प्रत्येकापुढे टिक करायला एक चौकोन. मग एकाने विचारलंच, "एजंट सायटिंगची गॅरंटी देतोय का?"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारलाय.

तर झालं असं. तीनेक वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका जंगलात गेलो होतो. कल्याणहून रात्रीची गाडी, नागपूर, पुढे जीप. सोमवारी हापिस, म्हणजे हातात फक्त दोन सफारी. पहिली कोरडी गेली. दुसऱ्या सफारीला निघताना मी जिप्सीच्या ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, वाघ दाखवा, हजार रुपये वेगळे." झालं! त्या माणसाने गाडी अशी पळवली की विचारू नका. वाटेत नीलगायी, मोर, कोतवाल, सगळं धुरळ्यात गेलं. वाघीण दिसली. तिच्यापुढे दहा-बारा जिप्सी, मागे तेवढ्याच. तिला रस्ता ओलांडायचा होता आणि जागाच नव्हती. दोनदा पुढे आली, दोनदा मागे फिरली. मी फोटो काढला. तो आजही माझ्याकडे आहे, पण कुणाला दाखवावासा वाटत नाही.

पुढे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडलात नेमकं हेच झालं. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या कोंडाळ्यात सापडले. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तातडीची कारवाई झाली ती चालक आणि गाइडांवर. चूक त्यांचीही होतीच. पण मागच्या सीटवरून "पुढे घ्या, पुढे घ्या" कोण म्हणत होतं? माझ्यासारखेच कुणीतरी. त्यांची रोजीरोटी बंद, आपण सोमवारी हापिसात.

आफ्रिकेत वेगळं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. २०२५ मध्ये सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून मारा नदीच्या काठावर उभे राहिले आणि विल्डबीस्टच्या कळपांची वाट अडली. ठाण्याला उतरायचंय आणि दारात ग्रुप पाय रोवून उभा आहे, आठवतंय ना काय होतं? तिथे तर खाली मगरी असतात.

आणि 'बिग फाइव्ह' हा शब्द मुळात शिकाऱ्यांचा. पायी शिकार करायला सगळ्यात धोकादायक असे पाच प्राणी. आपण बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला, यादी मात्र तीच ठेवली.

म्हणून माझं म्हणणं असं की प्लॅनिंग जरूर करा, पण जे आपल्या हातात आहे त्याचं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ते कार्ड नसेल तर परतल्यावर इथे विलगीकरणात बसवतात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकलाय, पण ऑनलाइन परवानगी आधी लागते. माऱ्याची फी जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. म्हणजे विल्डबीस्टचं स्थलांतर बघायचा हट्ट सोडला तर त्याच पैशात जास्त दिवस राहता येतं. सिंह तर तिथे बारा महिने असतात. राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या जमिनींवर 'कॉन्झर्व्हन्सी' आहेत. तिथे गाड्या मोजक्याच सोडतात. महाग पडतं, पण दोन पार्क कमी करा आणि एकाच ठिकाणी चार रात्री राहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : बक्षिसी प्राण्यावर ठेवू नका. गाडी लांब उभी केली, इंजिन बंद केलं, पक्षी ओळखून दाखवले, याचे पैसे द्या. पहिल्याच दिवशी तसं सांगून टाका. ड्रायव्हरच्या खांद्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

'सफारी' हा स्वाहिली शब्द, मूळ अरबी. आपला 'सफर' त्याचाच भाऊ. अर्थ एवढाच, प्रवास. त्यात गॅरंटी कुठे आली?

आणि लांब कशाला जायचं! ठाण्यात येऊरला बिबटे आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी कॉलेजपासून दर पावसाळ्यात येऊरला जातोय. एकदाही दिसला नाही. त्याने मला पाहिलं असेल बहुतेक. पण म्हणून येऊरची एकही सकाळ फुकट गेली असं कधी वाटलं नाही.

असो. रविवारी मी शीटमधला तो शेवटचा कॉलम उडवला आणि ग्रुपवर वाघिणीची गोष्ट लिहिली, हजार रुपयांसकट. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग गॅरंटीवाल्याचा मेसेज आला, "ठीक आहे रे. पण चुकून गेंडा दिसला तर फोटो काढू ना?"

काढू की. लांबून. :)