हा उपास नव्हे, उपचार

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टाईप-२ मधुमेहाच्या कार्यक्रमात मी १२ आठवडे नुसत्या सूप आणि शेकवर काढले. दिवसाला जेमतेम ८०० ते ९०० कॅलरी. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली. फोनवर कौतुकाने सांगितलं, तर पुण्यातल्या ताईने स्वतःच्या मनानेच तसं सुरू केलं. मधुमेहाच्या गोळ्या मात्र चालूच! चौथ्या दिवशी शुगर एकदम उतरून ती स्वयंपाकघरात पडली.

चूक माझी. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, नंतर हळूहळू जेवणावरही त्यांच्याच सल्ल्याने आलो, हे मी बोललोच नव्हतो. परदेशातून किलो सांगताना देखरेख कोणाची होती, तेही सांगा. ही एकादशी नव्हे.