आधी गुठळी, सुया मागाहून

पूर्वपक्ष असा आहे: गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावंच, पण सोबत अ‍ॅक्युपंक्चरही लगेच सुरू करावं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने मेंदूची हानी कमी झाली, चीनमधल्या चाचण्यांतही रुग्ण अधिक सुधारले. मग दोन्ही एकत्र का नकोत?

नकोत, कारण पुरावा एवढा भार पेलत नाही. अशा अनेक चाचण्यांत एका गटाला नुसते औषधोपचार, दुसऱ्याला तेच औषधोपचार आणि वर सुया. आपल्याला सुया टोचल्या जात आहेत हे रुग्णाला कळतंच. मग वाढीव स्पर्श, वाढीव विचारपूस, वाढलेली आशा हे सगळं सुईच्या खात्यात जमा होतं. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 33 चाचण्या आणि 3946 रुग्ण होते. सुधारणा दिसली, पण ती याच दोषाने डागाळलेली आहे, असं आढावाकारांनी स्पष्ट नोंदवलं.

शिवाय हे इंजेक्शन दुधारी आहे. 1995 च्या ज्या अमेरिकी चाचणीने ते प्रस्थापित केलं, तिच्यात अपंगत्वाविना सावरणारे वाढले, पण मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्रावही 0.6 वरून 6.4 टक्क्यांवर गेला. म्हणून पहिले 24 तास अनावश्यक टोचाटोची टाळतात. सुरुवातीला तर दर 15 मिनिटांनी रक्तदाब मोजतात. अ‍ॅक्युपंक्चरची सुई बारीक असते, हे मान्य. पण ज्या उपचाराचा लाभ सिद्ध नाही, त्याला त्या खाटेजवळ त्या तासांत जागा का द्यावी?

खरा घात वेळेचा होतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, आणि इंजेक्शनची सर्वसाधारण मुदत साडेचार तासांची. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलमच्या कोळीवाड्यात कुणाचा हात लुळा पडला, तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळच, केळंबाक्कमला आहे. ‘सुयांनीही होतं’ हे वाक्य घरात एकदा रुजलं, की एवढी जवळची वाटही लांबते. मला भीती आहे ती याची.

सुयांवरच्या विश्वासाला एका आदरणीय नावाचंही बळ मिळतं: देशातल्या काही अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आहे. कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत 1942 मध्ये तिथेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस. कोटणीसांबद्दलचा आदर हा सुयांच्या बाजूचा पुरावा होत नाही.

अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार करा, असं माझं म्हणणं नाही. 2024 मध्ये चीनमधली एक नीट बांधलेली चाचणी प्रसिद्ध झाली: पक्षाघाताने वाचा गेलेले 252 रुग्ण, तुलनेला खोट्या सुया, आणि सहा आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटाची भाषा अधिक सुधारलेली. पण ते रुग्ण झटक्यानंतर किमान 15 दिवसांनी घेतलेले होते. सुयांची जागा तिथे, वाचोपचार आणि फिजिओथेरपीच्या शेजारी आहे.

पहिल्या तासांत पैसा आणि आग्रह सीटी स्कॅनवर, रुग्णवाहिकेवर आणि औषधावर लागू दे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचं टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध एकाच टोचणीत देता येतं, 1995 च्या चाचणीतल्या अल्टेप्लेजसारखं तासभर सलाइनमधून सोडावं लागत नाही. लहान रुग्णालयांना हे फार सोयीचं आहे. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी कायदा केला, परिषदही नेमली. त्या परिषदेने प्रत्येक नोंदणीकृत चिकित्सकावर एक नियम बंधनकारक करावा: तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळतं झालेला नवा रुग्ण दारात आला, तर सुई न काढता 108 ला फोन करायचा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून द्यायची.